परवलीचा शब्द

पेण-रोह्याकडे हेलिकॉप्टर दिसलं की पोरं अंगणात धावतात. बहुधा कुणी पुढारी उतरणार असतो. पण रोह्याची कुंडलिका जिथं समुद्राला मिळते, त्या रेवदंड्याजवळ 17 जून 2021 रोजी 'मंगलम' हे मालवाहू जहाज बुडू लागलं, तेव्हा तटरक्षक दलाची चेतक हेलिकॉप्टरं आणि एक जहाज धावून आलं. सोळाही खलाशी वाचले.

युद्धातही हेलिकॉप्टरच्या वैमानिकाचं काम बरंचसं असंच असतं. लढाऊ विमान वार करून परततं. हेलिकॉप्टर सैनिकांना, दारूगोळ्याला डोंगरावर पोचवतं आणि जखमींना खाली आणतं. एमआय-17 व्ही-5 ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर वेगानं उडतं. लढाऊ विमानापुढे ही चाल संथच. लपायला जागा नाही, पळायला वेग नाही.

नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे या हेलिकॉप्टरचे वैमानिक होते. भोसला मिलिटरी स्कूलचे विद्यार्थी. बालाकोटच्या हल्ल्यानंतरच्या सकाळी, 27 फेब्रुवारी 2019 रोजी, सीमेवर पाकिस्तानी विमानांशी चकमक सुरू होती. त्याच सुमारास श्रीनगरहून निघालेलं त्यांचं हेलिकॉप्टर काही मिनिटांतच बडगामजवळ कोसळलं. वायुदलाचे सहा जण गेले. जमिनीवरचा एक काश्मिरी तरुणही गेला. निनाद अवघे 33 वर्षांचे होते. 1 मार्चला नाशिकनं त्यांना लष्करी इतमामात निरोप दिला.

पुढे चौकशीत निष्पन्न झालं, की क्षेपणास्त्र आपलंच होतं. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला वायुदलप्रमुख भदौरिया यांनी ही मोठी चूक असल्याचं जाहीरपणे मान्य केलं.

असं कसं होतं? गडाच्या दारावर रात्री पहारेकरी परवलीचा शब्द विचारायचा. आजही तेच चालतं. जमिनीवरचं रडार सांकेतिक लहरींनी विचारतं, 'कोण?' विमानातलं यंत्र आपोआप उत्तर देतं, 'आपलाच.' पण यंत्र बंद असेल किंवा शत्रूकडचं असेल, तर दोन्हीकडून शांतताच येते. म्हणून नुसत्या यंत्रावर भागत नाही. या क्षणी आपलं कोण, कुठं उडतंय, हे हवाई नियंत्रण कक्षानं क्षेपणास्त्र चालवणाऱ्यांना सांगावं लागतं. हा संवाद तुटला, की पडद्यावर उरतो एक ठिपका आणि निर्णयाला उरतात काही क्षण.

मी कविता लिहिणारा माणूस. एखादा शब्द चुकला, तर ओळ खोडून पुन्हा लिहितो. पहाऱ्यावरच्या माणसाला ती सवलत नसते. म्हणून चूक कबूल झाली, हे मला महत्त्वाचं वाटतं. ती लपवली असती, तर निनाद यांच्या कुटुंबाला खरं कळलं नसतं, आणि उद्या त्याच आकाशात उडणाऱ्या वैमानिकाला तोच धोका राहिला असता. शहिदाला फुलं वाहावीतच. पण त्याच्या मृत्यूचं कारणही नीट समजून घ्यावं. तोही त्याचा मानच आहे.