नवख्या सोबत्याबरोबर बर्फावर



सहल दोघांची असली तरी तिचा बेत बहुधा एकटाच करतो, आणि तो एकटा त्या विषयांत मुरलेला असतो. डोंगर चढणारा आपल्या दमाच्या मानानें मैल मोजतो, पोहणारा आपल्या हातांच्या जोरावर पाण्याची खोली ठरवितो, आणि बरोबरचें माणूस "फार मजा आली" असें तोंडानें म्हणत, पुन्हां कधीं यावयाचें नाहीं असा मनाशीं निश्चय करून परत येतें. बर्फावरून धांवणाऱ्या स्नोमोबाइलच्या सहलींत हा प्रकार विशेष घडतो. याचें कारण असें कीं, हें वाहन सुरू करणें अतिशय सोपें आहे. पांच मिनिटांत नवखा माणूस तें चालवूं लागतो. आणि मग आपणांस तें चालवितां येतें असें त्याला वाटतें, व त्याला घेऊन आलेल्या जाणत्यालाही वाटतें. वस्तुतः गाडी सुरू करतां येणें आणि दिवसभर थंडींत, अनोळखी वाटेवर, न भितां व न थकतां ती चालवितां येणें यांत मोठें अंतर आहे. तें अंतर ध्यानांत घेऊन दोन-तीन दिवसांची लहानशी सहल कशी आंखावी, हा आजच्या भाषणाचा विषय.

ज्यांनीं हें वाहन पाहिलें नसेल त्यांच्याकरितां थोडें वर्णन करतों. मोटारसायकलीसारखी बैठक व तसेंच हँडल. पुढच्या चाकाच्या जागीं दोन स्की, म्हणजे टोंकाशीं वर वळलेल्या लांबट पट्ट्या. आणि मागच्या चाकाच्या जागीं उंचवटे असलेला रुंद रबरी पट्टा. एंजिन तो पट्टा फिरवितें, पट्टा बर्फाला रेटतो, आणि स्की दिशा देतात. गिअर बदलण्याची यातायात नाहीं. काश्मीरला जाऊन आलेल्या आपल्याकडील पुष्कळ मंडळींनीं गुलमर्ग येथें चालकाच्या मागें बसून हिची एखादी फेरी मारलीही असेल.

या वाहनाचा उगम मात्र करमणुकींत नाहीं. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत व्हॅलकूर नांवाच्या गांवीं जोसेफ-आर्मां बाँबार्डिए नांवाचा यंत्रज्ञ रहात असे. बर्फावरून चालणाऱ्या गाडीचे प्रयोग तो पोरवयापासून करीत होता. १९३४ सालच्या हिंवाळ्यांत त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटांतील दाहानें आजारी पडला. रस्ते बर्फानें बुजलेले, रुग्णालयापर्यंत नेण्यास साधन नाहीं, आणि मूल दगावलें. पुढें १९३७ सालीं त्यानें आपल्या पट्ट्याच्या रचनेचें पेटंट मिळविलें व बर्फावरून उतारू नेणाऱ्या मोठ्या गाड्या बांधल्या. दोघांनीं बसावयाची हलकी 'स्की-डू' ही गाडी १९५९ सालीं बाजारांत आली. आज आपण जी मौजेकरितां भाड्यानें घेतों ती गाडी मुळांत डॉक्टरापर्यंत पोहोंचण्याकरितां हवी होती. बेत करणाऱ्यानें ही गोष्ट विसरूं नये. कारण बर्फ तेव्हां होता तसाच आज आहे.

आतां नेमकें ठिकाण डोळ्यांपुढें असल्यावांचून बेताची चर्चा पोकळ होते. म्हणून मी अमेरिकेंतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान घेतों. आपल्यापैकीं अनेकांचीं मुलें-बाळें त्या देशांत स्थायिक आहेत, व हिंवाळ्यांत भेटीस गेलेल्या आई-बापांपुढें किंवा नवपरिणीत सुनेपुढें असा बेत एखादे दिवशीं येण्याचा संभव आहे. हें उद्यान १८७२ सालीं स्थापन झालें. हिंवाळ्यांत उत्तरेकडील एक रस्ता सोडल्यास त्यांतील बाकीचे रस्ते साध्या मोटारींना बंद होतात, त्यांवरील बर्फ यंत्रानें दाबून सपाट करतात, आणि डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत त्यांवरून फक्त बर्फावरचीं वाहनें जातात. पश्चिमेच्या दारावर वेस्ट यलोस्टोन नांवाचें गांव आहे. तेथून ओल्ड फेथफुल नांवाचा सुप्रसिद्ध उष्ण जलाचा फवारा ३० मैलांवर आहे. नवख्याच्या पहिल्या सहलीला याहून चांगली वाट मला तरी ठाऊक नाहीं. रस्ता रुंद व बहुतांशीं सपाट आहे, वेगाला ताशीं ३५ मैलांची मर्यादा आहे, आणि वाटाड्यावांचून आंत सोडीतच नाहींत. ज्यांना धंदेवाईक वाटाड्या नको असेल त्यांनीं सोडतींत नांव घालून परवाना मिळवावा लागतो; तशा गटांत पांचांहून अधिक गाड्या चालत नाहींत, व प्रत्येक चालकाला आधीं ठराविक पाठ पुरा करावा लागतो. नवखा बरोबर असतांना या मार्गाच्या वाटेला जाऊं नये, पैसे देऊन वाटाड्या घ्यावा. जाणत्या सोबत्याला हे निर्बंध जाचक वाटतात. गांवाबाहेरील सरकारी जंगलांत शेंकडों मैलांच्या मोकळ्या वाटा आहेत, टू टॉपसारखीं उंच शिखरें आहेत, आणि तिकडे त्याचें मन ओढ घेत असतें. त्यानें तें मन तूर्त आंवरावें.

महिना निवडतांना फेब्रुवारी घ्यावा. डिसेंबरांत बर्फाचा भरंवसा नसतो व दिवस तोकडा असतो. जानेवारींतील थंडी नवख्याला झेपण्यासारखी नव्हे.

यानंतरचा प्रश्न गाडी एक घ्यावी कीं दोन, हा. बहुतेक ठिकाणीं हा प्रश्न विचारलाच जात नाहीं. जाणता पुढें बसतो व सोबती मागें. मागें बसणाऱ्याची स्थिति काय असते तें पहा. समोर दिसतें तें पुढच्याचें शिरस्त्राण. खड्डा केव्हां येणार तें चालवणाऱ्यास आधीं कळतें, म्हणून तो पायांवर भार घेतो. मागच्याला तो खड्डा पाठीच्या कण्यांत कळतो. हातांना काम नाहीं म्हणून अंगांत ऊब नाहीं. अशीं साठ मैल गेलेल्या माणसानें सहल केली असें म्हणवत नाहीं. त्याला नेऊन आणलें एवढेंच. म्हणून सोबत्याची इच्छा असेल तर दोन गाड्या घ्याव्या. इच्छा आहे कीं नाहीं हें मात्र घरीं, निवांतपणीं, "नाहीं" म्हणण्यास वाव ठेवून विचारावें. दुकानांत, पैसे देणाऱ्यांच्या रांगेंत उभें राहून नव्हे. दोघांमधला मार्गही आहे. दोन आसनांची एकच गाडी घ्यावी व मॅडिसनच्या थांब्यापर्यंत, म्हणजे १४ मैल, जाणत्यानें ती चालवावी. पुढें नवख्याला वाटल्यास त्यानें. कोणताही मार्ग पत्करला तरी जो चालवणार त्याच्या खिशांत मोटार चालविण्याचा वैध परवाना हवा. शिकाऊ परवाना तेथें चालत नाहीं, आणि ही गोष्ट दाराशीं कळली तर सारा बेत तेथेंच आटोपतो.

पहिला दिवस गांवीं पोहोंचण्याचा. तो प्रवासांतच संपवूं नये. दुपारपर्यंत पोहोंचावें, कारण गांवाची उंची साडेसहा हजार फुटांहून अधिक आहे, व समुद्रसपाटीवरून आलेल्या माणसाला पहिल्या रात्रीं डोकें जड वाटणें साहजिक आहे. दुपारीं अर्धा तास सरावाकरितां ठेवावा. हा अर्धा तास पुढच्या सगळ्या दिवसाहून मोलाचा आहे. गाडी भाड्यानें देणारे कळा-खटके दाखवितात, पण घाईनें. म्हणून मोकळ्या सपाट जागेवर, वाटाड्याच्या देखत, पुन्हां एकदां सावकाश सर्व पहावें. सुरू कशी करावी यापासून आरंभ करूं नये. बंद कशी करावी येथून करावा. हँडलाजवळ एक तांबडी कळ असते, ती दाबली कीं एंजिन थांबतें. बहुतेक गाड्यांना एक दोरीही असते. ती चालकाच्या अंगाला अडकवितात, म्हणजे तो पडलाच तर दोरी सुटून एंजिन बंद होतें. याचें महत्त्व सांगतों. या गाडीचा वेग उजव्या हाताच्या आंगठ्यानें दाबावयाच्या कळीवर असतो, आणि ब्रेक डाव्या हाताशीं. माणूस भ्याला म्हणजे काय करतो? मुठी आंवळतो. मूठ आंवळली कीं आंगठा दाबला जातो, आणि जी गाडी थांबावी असें त्याला वाटतें तीच उसळी मारून पुढें जाते. याला धीराचा उपदेश कामाचा नाहीं, सवय हवी. वीस पावलें जावें, आंगठा उचलावा, थांबावें. पुन्हां वीस पावलें, पुन्हां आंगठा उचलावा. दहा-बारा वेळां हें झालें म्हणजे भीतींतही आंगठा आपोआप सुटूं लागतो.

सायकल किंवा मोटारसायकल चालविणाऱ्या नवख्याला आणखी दोन सवयी मोडाव्या लागतात. तोल जातोसें वाटतांच पाय खालीं टेंकण्याची पहिली. सहाशे पौंडांहून जड गाडी कलती झाली तर पाय तिला सांवरूं शकत नाहीं, गुडघा मात्र कायमचा दुखावतो. पाय नेहमीं पायरीवरच असावे. दुसरी सवय नुसतें अंग कलवून वळण घेण्याची. येथें वळवितें तें हँडल. अंग आंतल्या बाजूस झुकवावयाचें तें गाडी उलटूं नये म्हणून. शिवाय आधींच्या गाड्यांनीं पाडलेल्या चाकोऱ्यांत स्की शिरल्या कीं पुढचें टोंक डावी-उजवीकडे हेलकावे खातें. नवखा त्याच्याशीं झोंबी घेतो व तासाभरांत त्याचे दंड भरून येतात. हँडल सैल धरावें आणि थोडें हलूं द्यावें, हें त्याला आदल्या दिवशीं सांगितलेलें बरें.

सांगणारा कोण असावा, हाही प्रश्न आहे. माझें मत असें कीं तो नवरा किंवा बायको नसावी. आपल्या माणसाच्या शिकवणुकींत "एवढें कसें येत नाहीं" हा सूर शिरतोच. पत्नी जाणती व पति नवखा असेल तर अडचण अधिक. पतिराज आपण नवखे आहोंत हेंच प्रथम मान्य करीत नाहींत. वाटाड्या परका असतो, आणि परक्यापुढें "मला भीति वाटते" हें बोलणें कित्येकांना सोपें जातें.

आतां थंडीविषयीं. फॅरनहाइटचें शून्य, म्हणजे सेंटिग्रेडचे उणे १८ अंश, ही त्या भागांत हिंवाळ्यांतील नवलाची गोष्ट नव्हे. त्या हवेंत ताशीं ३५ मैल वेगानें जाणाऱ्याच्या उघड्या कातडीला उणे ३३ अंशांइतकी थंडी बाधते, आणि अर्ध्या तासांत नाक, गाल, कानाच्या पाळ्या बधिर होऊन गोठण्याचा धोका असतो. बाहेरचा पोषाख, बूट व शिरस्त्राण भाड्यानें मिळतें. परंतु आंतील कपडे आपले असतात, व घोटाळा तेथें होतो. सुती कपडा घालूं नये. घाम त्यांत मुरतो, आणि थांबल्याबरोबर तो ओला कपडा अंगावर बर्फासारखा बसतो. लोकर किंवा रेशीम उत्तम. बूट घट्ट नको. दोन मोजे कोंबून घातलेला पाय एका मोजांतील पायाहून लवकर गारठतो. चष्मा वापरणाऱ्याच्या भिंगावर श्वासाची वाफ बसते, याकरितां नाकावरील पट्टी श्वास खालीं वळविणारी घ्यावी व ती सरावाच्या वेळींच लावून पहावी. हँडलाला हात शेकण्याची सोय असते, पण ती तळव्याला. म्हणून बोटें एकत्र राहतील असे जाड हातमोजे बरे. थंडी वाजते हें नवखा सांगत नाहीं. आपल्यामुळें सर्वांचा खोळंबा होईल असें त्याला वाटतें. यासाठीं "ठीक ना?" असें विचारूं नये, त्याला "होय" हें एकच उत्तर मिळतें, बोटें हलवून दाखव, असें म्हणावें.

दुसरा दिवस मुख्य. ३० मैल व ताशीं ३५ मैल हा हिशेब कागदावर तासाभराचा होतो. प्रत्यक्षांत सकाळ जाते, व जावी. वाटाड्या पुढें, त्याच्या मागें नवखा, आणि जाणता सर्वांत शेवटीं. जाणत्याला ही जागा आवडत नाहीं, परंतु पुढें राहून मागें वळून पाहणें या गाडीवर धोक्याचें आहे, आणि मागून त्याला सोबत्याचे खांदे दिसतात. खांदे कानांपर्यंत चढले म्हणजे माणूस भ्यालें किंवा गारठलें असें समजावें. शिरस्त्राणांतून बोलणें ऐकूं येत नाहीं, म्हणून डावा हात उंच केला कीं थांबावयाचें, एवढी खूण तरी आधीं ठरलेली असावी. मॅडिसन नदीच्या कांठीं बायसन, म्हणजे तिकडचे प्रचंड रानबैल, दिसतात. दाबलेल्या बर्फावरून चालणें त्यांनाही सोपें, म्हणून ते रस्त्यावरच येतात. नराचें वजन दोन हजार पौंडांपर्यंत असतें, आणि त्याची धांव ताशीं ३५ मैल, म्हणजे आपल्याला जेवढ्या वेगाची परवानगी तेवढीच. त्यांच्यापासून निदान २५ यार्ड दूर रहावें असा उद्यानाचा नियम आहे. तेच जवळ आले तर गाडी कडेला घेऊन वाटाड्या सांगेल तसें स्तब्ध रहावें. मॅडिसनला शेक घेण्याची खोली आहे. तेथें तहान नसली तरी पाणी घ्यावें. कोरड्या थंडींत शरीरांतील पाणी नकळत जातें. मद्य घेऊं नये. त्यानें ऊब वाटते, पण अंगांतील उष्णता बाहेर पडते, व हात मंदावतो.

ओल्ड फेथफुल साधारणपणें दीड तासानें उसळतो, व पुढची वेळ तेथें लिहून ठेवलेली असते. पाणी शंभर फुटांच्या वर जातें आणि त्या थंडींत वाफेचा स्तंभ त्याहून उंच चढतो. एक उसळी चुकली तर पुढची पाहूं, इतका अवकाश बेतांत नसावा. फेब्रुवारींत साडेपांच-सहाला सूर्य मावळतो, आणि परतीचे ३० मैल थकलेल्या हातांनीं करावयाचे असतात. अपघात बहुधा याच वेळीं होतात. दोनच्या सुमारास निघावें. उद्यानाच्या मोठ्या भागांत फोन लागत नाहीं, तेव्हां परत केव्हां येणार हें सकाळींच गांवांत कोणास तरी सांगून ठेवावें. आणि नवख्याचे हात खरेंच गळाले असतील तर त्यानें जाणत्याच्या मागें बसावें. उरलेली गाडी कोण आणणार याची तजवीज वाटाड्याशीं आदल्या दिवशींच करून ठेवावी. म्हणूनच दोन गाड्या घेतल्या तरी त्यांपैकीं एक दोन आसनांची असावी, असा माझा आग्रह आहे.

तिसऱ्या दिवसाचे पैसे आगाऊ भरूं नयेत. दुसऱ्या रात्रीं जेवणानंतर सोबत्याला विचारावें. त्याला पुन्हां जावेंसें वाटलें तर आनंदच आहे. न वाटल्यास ऊबदार मोटारगाड्या बर्फावरून उद्यानांत जातात, त्यांत बसून उद्यानाची दुसरी बाजू पाहतां येते. जाणत्याला टू टॉपची ओढ असह्य झालीच असेल तर त्यानें त्या दिवशीं अनुभवी मंडळींबरोबर खुशाल जावें. मागें राहणाऱ्यासाठीं गांवांत अस्वलें व लांडगे ठेवलेलें एक केंद्र वर्षभर उघडें असतें. तें पाहावयास शिरस्त्राण लागत नाहीं.