पिशवी काढण्यापूर्वी

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या अहिल्यानगर जिल्ह्यातील अवर्षणग्रस्त तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन नवराबायकोचा कोयता ऊसतोडीला निघतो, तो उन्हाळ्याच्या तोंडी परततो. आणि पाळीच्या दिवसांतही डोक्यावर मोळ्या वाहणारी, कोपीवर आडोसा नाही व स्वच्छ पाणी नाही अशा स्थितीत तो सारा हंगाम काढणारी बाई, ‘अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं’ ही तक्रार महिनोन् महिने मनात दाबून ठेवून जेव्हा अखेर दवाखान्याची पायरी चढते, तेव्हा पुष्कळदा ‘पिशवीला सूज आहे, काढून टाकलेली बरी’ एवढाच निकाल तिच्या पदरी पडतो. ज्या अवयवाविषयी हा निकाल, तो कोठे असतो, काय करतो आणि गेल्यावर आपल्याबरोबर काय घेऊन जातो, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

गर्भाशय, म्हणजेच ही पिशवी, हा मूत्राशय आणि गुदाशय यांच्या मधोमध असलेला, देठ खाली करून धरलेल्या लहानशा पेरूसारखा, सुमारे 7 ते 8 सेंटिमीटर लांबीचा पोकळ स्नायुमय अवयव होय. त्याचे खालचे अरुंद टोक म्हणजे गर्भाशयमुख. त्याच्या दोन्ही बाजूंस एकेक बीजकोश असतो. हे बीजकोश स्त्रीबीज तर देतातच, शिवाय इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक रक्तात सोडून हाडांची बळकटी राखण्याचे कार्यही अखंड करीत असतात. पिशवी आणि बीजकोश हे निरनिराळे अवयव आहेत, ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वी प्रत्येक स्त्रीला माहीत असलीच पाहिजे.

आता तक्रारींकडे वळू. दोन पाळ्यांच्या मध्यावर थोडा पांढरा, पातळ स्राव होणे हे प्रकृतीला धरूनच आहे. त्याला दुर्गंधी येत असेल, खाज सुटत असेल, रंग पिवळा-हिरवा किंवा रूप दह्याच्या कवडीसारखे असेल, तर तो जंतुसंसर्ग समजावा. तो बहुधा काही दिवसांच्या गोळ्यांनी बरा होतो, मात्र काही प्रकारांत नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते, एरवी तोच संसर्ग पुन्हा उलटतो. पाळीत अंगावर फार जात असेल, तर त्याचे कारण पिशवीतील गाठी, संप्रेरकांचा बिघाड किंवा थायरॉइडचा विकार यांपैकी काहीही असू शकते. म्हणून आधी रक्ताची तपासणी, सोनोग्राफी आणि वय चाळिशीपुढे असल्यास गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना, आणि मग गोळ्या अथवा संप्रेरक सोडणारी तांबी, असा उपचाराचा क्रम आहे. त्रास न देणाऱ्या लहान गाठी तशाच राहू दिल्या तरी चालते. पाळी गेल्यावर त्या बहुधा आपोआप आकसतात. सोनोग्राफीच्या अहवालात पिशवी किंचित मोठी असल्याची नोंद दिसली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण दोन-तीन बाळंतपणे झालेल्या स्त्रीत तेवढा फरक पडतोच.

राहिली कर्करोगाची भीती. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावले असता संशयास्पद भाग मिनिटभरात पांढरा दिसू लागतो, इतकी ही प्राथमिक तपासणी साधी आहे. जामखेडला लागून असलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात झालेल्या आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात एकदा जरी झाली तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असे आढळले. भीतीवर इलाज तपासणीचा आहे. नुसत्या भीतीपोटी पिशवी काढणे हा इलाज नव्हे.

कर्करोग, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, पुष्कळसे अंग बाहेर येणे, बाळंतपणानंतर न थांबणारा रक्तप्रवाह, अशा प्रसंगी हीच शस्त्रक्रिया आवश्यक ठरते, कित्येकदा प्राणही वाचवते. तेथे हयगय करू नये. परंतु तिशीतल्या स्त्रीची पिशवी बीजकोशांसह काढली, तर जी पाळी निसर्गतः पंचेचाळिशीनंतर जायची ती एका दिवसात जाते, आणि अंगाची आग, झोपमोड, हाडांचा ठिसूळपणा व हृदयविकाराचा वाढता धोका हे सारे पंधरा-वीस वर्षे आधी दाराशी येते. बीजकोश राखले तरी त्यांचे कार्य काही वर्षे लवकर थांबू शकते. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या चौकशीत, पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. दर सहा जणींमागे एक, हे प्रमाण केवळ रोगाने पडत नाही; खाड्याच्या दंडाचे भय, दारिद्र्य आणि अज्ञान यांचा त्यात वाटा आहे. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अमलात आणावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये दिला आहे.

हुकूमनाम्याने कायदा होतो, समज मात्र घरोघर जाऊनच पोहोचवावी लागते, आणि ती पोहोचवता येते याचा दाखला अहिल्यानगर जिल्ह्यातच आहे. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावोगावच्या, बहुतांशी निरक्षर, कित्येक दलित स्त्रियांना गर्भारपण, बाळंतपण, जुलाब, नाळेची स्वच्छता यांचे शिक्षण देऊन ग्राम आरोग्यसेविका केले. त्यांनी ते ज्ञान आपल्याच बोलीत शेजारणींच्या ओसरीवर नेले. या कार्यासाठी 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अक्षरओळख नसलेली बाई शरीरशास्त्र समजू शकते आणि दुसरीला समजावूही शकते, हे तेथे सिद्ध झाले आहे. तेव्हा ‘यांना काय कळणार’ ही सबब कोणत्याही वैद्याला उरलेली नाही.

म्हणून, भगिनींनो, तातडीचा प्रसंग नसेल तर संमतिपत्रावर सही किंवा अंगठा करण्यापूर्वी चार गोष्टी डॉक्टरांना अवश्य विचारा: मला नेमका रोग कोणता, औषधाने तो बरा होईल का, बीजकोश राखणार की काढणार, आणि शस्त्रक्रिया लांबवली तर काय होईल. उत्तरे समजेपर्यंत पुन्हा विचारा, सारे कागद जपून ठेवा, आणि ग्रामीण रुग्णालयात किंवा अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. घरच्या पुरुषांनीही त्या वेळी सोबत जावे, आणि गोळ्या दोघांना दिल्या असतील तर आपल्या वाट्याच्या बिनतक्रार घ्याव्यात.