आमदारांची पाच वर्षे : मुदत कमी-जास्त करण्याचा अधिकार कोणाचा?

आमदार पाच वर्षांसाठी निवडून येतो, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण ही पाच वर्षे कुठे लिहिली आहेत, ती कधी वाढवली गेली आणि आता त्यांत कोणता बदल होऊ घातला आहे, असे विचारले की नवघर परिसरात आमच्यासोबत संविधानाचा अभ्यास करणारे पदवीधर तरुणही थबकतात. 'एक देश, एक निवडणूक' ही घोषणा सर्वांनी ऐकली आहे. तिचा थेट संबंध आपल्या विधानसभेच्या मुदतीशी आहे, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

संविधान काय सांगते?

अनुच्छेद १७२ नुसार विधानसभेची मुदत तिच्या पहिल्या बैठकीपासून पाच वर्षे असते. त्याआधी ती विसर्जित होऊ शकते. म्हणजे पाच वर्षे ही आमदाराला दिलेली हमी नाही, ती वरची मर्यादा आहे. राष्ट्रीय आणीबाणी असेल तरच संसद कायदा करून ही मुदत एका वेळी एक वर्षाने वाढवू शकते, आणि आणीबाणी उठल्यावर ती वाढ सहा महिन्यांपलीकडे टिकत नाही.

यामागचा विचार बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत संविधानाचा मसुदा मांडताना स्पष्ट केला होता. शासनाला स्थैर्य हवे आणि जबाबदारीही हवी; दोन्ही पूर्ण प्रमाणात मिळत नसतील तर आपण जबाबदारीला अधिक वजन दिले आहे, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. जबाबदारीची तपासणी दोन प्रकारे होते. रोजची तपासणी सभागृहात प्रश्न, ठराव आणि अविश्वास प्रस्ताव यांतून होते. ठरावीक काळाने होणारी तपासणी मतदार करतात. मुदतीचा प्रश्न या दुसऱ्या तपासणीचा आहे.

मुदत लांबली तेव्हा

१९३५ च्या कायद्यातही प्रांतिक विधानसभेची मुदत पाच वर्षांचीच होती. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे बाबासाहेब मुंबई विधानसभेत निवडून गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. पुढे महायुद्ध आले, १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि राज्यपालांचा कारभार सुरू झाला. पुढची निवडणूक व्हायला १९४६ उजाडले. पाच वर्षांच्या जागी नऊ वर्षे गेली. मोर्चा न्यायचा तर समोर जबाबदार सभागृह असावे लागते. ते बंद पडले की रस्त्यावरच्या आंदोलनाचाही अर्धा जोर जातो.

दुसरा प्रसंग आणीबाणीतला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांची मुदत सहा वर्षे केली. ती तेव्हा अस्तित्वात असलेल्या सभागृहांनाही लागू झाली. महाराष्ट्रात १९७२ नंतरची विधानसभा निवडणूक थेट फेब्रुवारी १९७८ मध्ये झाली. ज्यांना मतदारांनी पाच वर्षे दिली होती, त्यांना सहावे वर्ष मतदारांना न विचारता मिळाले. ४४ व्या दुरुस्तीने १९७८ मध्ये ही चूक सुधारली आणि मुदत पुन्हा पाच वर्षांवर आली.

आता काय बदलणार?

रामनाथ कोविंद समितीने मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर १७ डिसेंबर २०२४ रोजी १२९ वी घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि ते संयुक्त संसदीय समितीकडे सोपवण्यात आले. त्यातल्या तीन गोष्टी समजून घ्याव्यात.

पहिली : सार्वत्रिक निवडणुकीनंतर लोकसभेच्या पहिल्या बैठकीच्या दिवशी राष्ट्रपती एक 'नियत तारीख' जाहीर करतील. त्यानंतर निवडल्या जाणाऱ्या सर्व विधानसभा त्या लोकसभेच्या पाच वर्षांसोबतच संपतील.

दुसरी : विधानसभा मध्येच विसर्जित झाली तर निवडणूक होईल, पण नवी विधानसभा फक्त उरलेल्या काळासाठी असेल.

तिसरी : एखाद्या राज्याची निवडणूक लोकसभेसोबत घेणे शक्य नाही असे निवडणूक आयोगाला वाटले, तर ती पुढे ढकलता येईल. तरीही त्या विधानसभेची अखेर लोकसभेसोबतच होईल.

उदाहरण घेऊ. समजा, ही तारीख २०२९ च्या लोकसभा निवडणुकीनंतर ठरली. महाराष्ट्राची सध्याची विधानसभा नोव्हेंबर २०२४ ची आहे. तिच्यानंतर २०२९ च्या अखेरीस येणारी विधानसभा २०३४ च्या मध्यात, म्हणजे साधारण साडेचार वर्षांत संपेल. २०३२ मध्ये निवडणूक होणाऱ्या राज्यात मतदार मत देतील आणि आमदार मिळेल दोनच वर्षांसाठी.

समर्थकांचे म्हणणे असे : खर्च वाचेल, आचारसंहितेमुळे कामे अडणार नाहीत, शिक्षकांना वारंवार निवडणुकीच्या कामाला जुंपावे लागणार नाही. हे मुद्दे खोटे नाहीत. पण वर्ष-दीड वर्षासाठी मध्यावधी निवडणुका घ्याव्या लागल्या तर खर्च कसा वाचणार? विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा आपल्या राज्यात ४० लाख रुपये आहे. एवढ्या थोड्या काळासाठी निवडणूक लढवणे धनवंताला परवडेल. वस्तीतून उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्याचे काय?

आपल्या दारातला अनुभव

मुदतीचे मोल मीरा-भाईंदरकरांना वेगळे सांगायला नको. २००९ मध्ये हा विधानसभा मतदारसंघ पहिल्यांदा मतदानाला सामोरा गेला. त्यानंतर २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही वेळी मतदारांनी विद्यमान आमदाराला घरी बसवले. कोण बरोबर, कोण चूक हा इथे मुद्दा नाही. तपासणी वेळेवर झाली, हा मुद्दा आहे.

महापालिकेत उलटे घडले. अनुच्छेद २४३-यू नुसार तिची मुदत पाच वर्षे, 'त्याहून अधिक नाही', आणि मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. ऑगस्ट २०१७ मध्ये निवडलेल्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली. पुढचे मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाची राजवट होती. नळाच्या पाण्याची, गटाराची तक्रार घेऊन जायला प्रभागात नगरसेवक नव्हता. संविधानात स्पष्ट लिहिलेले असूनही हे झाले.

यावरून आम्ही एकच निष्कर्ष काढतो. मुदत चार वर्षे असावी की पाच, यावर मतभेद असू शकतात. पण ती आधी ठरलेली असावी, सर्वांना सारखी असावी, आणि ती लांबवणे किंवा कापणे सत्तेवर बसलेल्यांच्या सोयीवर सोडू नये. अनुसूचित जातींच्या २९ राखीव जागांवरून विधानसभेत जाणाऱ्या आमदारांनाही आपण याच कसोटीवर धरायला हवे : या विधेयकावर तुमची भूमिका काय, आणि ती तुम्ही सभागृहात मांडली का?

विहारातल्या पुढच्या बैठकीत अनुच्छेद १७२ आणि विधेयकातला प्रस्तावित अनुच्छेद ८२-क शेजारी शेजारी ठेवून वाचा. आपल्या खासदाराला आणि आमदाराला लेखी प्रश्न पाठवा आणि पोच घ्या. बाबासाहेबांनी मताचा अधिकार दिला, तो ठरलेल्या दिवशी वापरता येतो की नाही यावर लक्ष ठेवणे आपले काम आहे.