टिक, ग्रिड आणि ढोलकी

गॅदरिंग जवळ आलं की होस्टेलवर एखादा तरी पोरगा कॉम्प्युटरवर ट्रॅक बनवत बसलेला दिसतो. त्याच्या स्क्रीनवर रंगीत पट्ट्या असतात ना, त्या म्हणजे मिडी नोट्स. मित्रांनो, आधी एक गोष्ट क्लिअर करू : मिडीमध्ये आवाज नसतोच! वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांशी बोलावेत म्हणून १९८३ साली हे स्टँडर्ड आलं. त्यातून जातात ते फक्त निरोप. कुठला सूर (० ते १२७, मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०), किती जोरात, कधी दाबला, कधी सोडला. आवाज काढायचं काम समोरच्या वाद्याचं. म्हणूनच एखादा सूर नंतरही माऊसने उचलून हवा तिथे ठेवता येतो.

प्रत्येक इव्हेंटला पत्ता असतो : बार, बीट, टिक. एका बीटमध्ये ४८० टिक धरा (काही सॉफ्टवेअरमध्ये ९६० असतात). टेम्पो १०० असेल तर बीट ६०० मिलिसेकंदांची, म्हणजे एक टिक सव्वा मिलिसेकंदाची. झकास हिशोब, आपल्या ब्रँचला शोभेलसा.

आता खरी गंमत क्वांटाइझची. हे बटण दाबलं की प्रत्येक नोट जवळच्या ग्रिडरेषेवर उडी मारते. पियानोच्या साध्या कॉर्ड्सना ठीक आहे. पण लावणीची ढोलकी पॅडवर वाजवून रेकॉर्ड करा आणि मग दाबून बघा! बीटचा मध्य २४० वर, ट्रिप्लेटची जागा ३२० वर. वाजवणाऱ्याची थाप समजा २७५ वर पडली. सोळांशाच्या ग्रिडवर ती २४० ला जाते, ट्रिप्लेटच्या ग्रिडवर ३२० ला. दोन्हीकडे ठसका गेला! पहिल्या केसमध्ये फरक फक्त ३५ टिकचा, म्हणजे जेमतेम ४४ मिलिसेकंद; पण कान तो पकडतोच. लोक म्हणतात 'कॉम्प्युटरची ढोलकी मेलेली वाटते'. माझ्या मते कॉम्प्युटर बिचारा निर्दोष आहे, आपणच तिला ग्रिडवर चिरडतो.

उपाय आहेत. क्वांटाइझची स्ट्रेंग्थ ५० टक्के ठेवली तर नोट अर्ध्याच वाटेपर्यंत सरकते : १३० ची १२० न होता १२५ होते. सगळंच वाजवणं उशिरा आलं असेल तर सगळ्या नोट्स सिलेक्ट करून एकत्र मागे ओढा, आपसातली अंतरं तशीच राहतात. आणि बेस्ट म्हणजे ग्रूव्ह क्वांटाइझ. चांगल्या ढोलकीवाल्याच्या रेकॉर्डिंगमधून टायमिंग काढायचं आणि बेस, हाय-हॅट त्याच्यामागे चालवायचे. ग्रिडने माणसाच्या मागे चालावं, उलटं नको यार. शिवाय सगळ्या थापांची व्हेलॉसिटी १०० ठेवू नका, नाहीतर टायमिंग सुधारूनही शिलाई मशीनच ऐकू येईल.

एक कटकट राहिली : मींड. कीबोर्डवर ती पिच बेंडने घेतात (०ते १६३८३, मधोमध ८१९२), आणि ते इव्हेंट्स नोटपेक्षा वेगळे असतात. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये नुसती नोट पुढे सरकवली तर बेंड जुन्या जागी राहतो आणि भलताच सूर वाकतो. सिलेक्ट करताना खालची कंट्रोलर लेनही घ्या, आणि मींड संपली की बेंड ८१९२ वर परत आणा. पेटीवाल्यांना हा ताप नाही, पेटीला मींडच नाही!