तारुण्यपिटिका : दोष कोणाचा?



घरांत पंधरा-सोळा वर्षांचें मूल असलें म्हणजे आरशापुढें जाणारा वेळ एकाएकीं वाढतो. काल-परवांपर्यंत केस न विंचरतां शाळेंत पळणारा मुलगा आज न्हाणीघरांतून लवकर बाहेर येत नाहीं. फोटो काढावयाची वेळ आली कीं मुलगी मागच्या रांगेंत जाऊन उभी राहते. कारण विचारलें तर उत्तर मिळत नाहीं; पण तें कपाळावर, गालांवर आणि हनुवटीवर लाल अक्षरांत लिहिलेलें असतें. यांनाच आपण मुरुम किंवा तारुण्यपिटिका म्हणतों.

मग घरांत न्यायसभा भरते. आजी म्हणते, "इतकें तळलेलें खाल्लें तर उष्णता बाहेर पडणारच." वडील म्हणतात, "तोंड नीट धूत नाहीं, दुसरें काय?" मावशींच्या मतें पोट साफ होत नाहीं. आणि एखादे शेजारी हंसून सांगतात, "वयच तसें आहे, लग्न झालें कीं जातील." आरोप चार आणि आरोपी एक! आज मला जें सांगावयाचें आहे तें थोडक्यांत असें कीं, या खटल्यांतील आरोपी बहुधा निर्दोष असतो. आणि खोटा आरोप सिद्ध करण्यांत जे महिने जातात, तेवढ्यांत खरा रोग आपलें काम उरकून चेहऱ्यावर कायमच्या खुणा ठेवून जातो.

प्रथम त्वचेची रचना पाहूं. आपल्या अंगावरील प्रत्येक केस एका बारीक नळींतून उगवतो. या नळीला रोमकूप म्हणतात. तिला लागूनच एक लहानशी तैलग्रंथि असते. या ग्रंथींत तयार होणारें स्निग्ध द्रव्य केसाच्या कडेनें वर येतें आणि त्वचेवर पसरून तिला मऊ ठेवतें. तळहात आणि तळपाय यांवर या ग्रंथि मुळींच नसतात. चेहऱ्यावर मात्र एका चौरस सेंटिमीटरांत त्या ४०० ते ९०० असतात. छातीवर आणि पाठीच्या वरच्या भागावरहि त्या बऱ्याच मोठ्या असतात. मुरुम येण्यास नेमक्या याच जागा कां सांपडतात, याचें उत्तर येथें आहे.

रोमकूपाच्या आंतील अस्तराच्या पेशी नेहमीं झडत असतात व तेलाबरोबर बाहेर पडतात. कांहीं माणसांत त्या एकमेकींस चिकटून राहतात आणि नळीच्या तोंडाशीं बूच बसतें. तोंड मिटलेलें असलें तर त्वचेखालीं पांढरट दाणा दिसतो. उघडें असलें तर बुचाचें टोंक काळें दिसतें. हा काळेपणा म्हणजे सांचलेला मळ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे. त्वचेला वर्ण देणारें मेलॅनिन नांवाचें द्रव्य या बुचांत असतें, आणि हवेशीं संबंध आल्यामुळें तें काळें पडतें. साबणानें घासून तें निघत नाहीं, याचें कारण तें धुण्याजोगें नसतेंच.

बुचामागें तेल कोंडतें. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नांवाचा एक जंतु आपणां बहुतेक सर्वांच्याच त्वचेवर कायमची वस्ती करून असतो. हवा न पोंचणाऱ्या त्या जागीं तो फोफावतो. त्याच्या प्रतिकारासाठीं शरीर आपल्या रक्षक पेशी तेथें धाडतें. या झटापटींत रोमकूपाची भिंत फुटते, भोंवतालची त्वचा सुजून लाल होते आणि पू धरतो. अधिक तेल, चिकटणाऱ्या पेशी, जंतु आणि दाह हीं या रोगाचीं चार अंगें होत. जंतु मूळचाच घरचा असल्यामुळें मुरुम एकाचे दुसऱ्यास लागत नाहींत, हें ओघानेंच आलें.

आतां हें सारें तारुण्याच्या उंबरठ्यावरच कां घडावें? ही वेळ आपल्या पूर्वजांनींहि अचूक टिपली होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत मुखदूषिका या नांवानें या रोगाचें वर्णन आहे. तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या या पुळ्यांस तेथें सांवरीच्या कांट्यांची उपमा दिली आहे. कारणमीमांसा त्या काळच्या शास्त्रास अनुसरून कफ, वात आणि रक्त यांची केली आहे. पण निरीक्षण आजहि जसेंच्या तसें खरें आहे.

कारणाचा मोठा उलगडा १९४१ सालीं झाला. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, वयांत येण्यापूर्वींच ज्यांच्या वृषणग्रंथि निकामी झाल्या आहेत अशा पुरुषांना मुरुम येत नाहींत. परंतु त्यांस टेस्टोस्टेरोन हा पुरुषी अंतःस्राव दिला, तर त्यांतील कांहींना ते येऊं लागतात. हा स्राव तैलग्रंथींना वाढावयास आणि अधिक तेल गाळावयास लावतो. मुलींच्याहि शरीरांत, बीजकोशांत आणि मूत्रपिंडांवरील ग्रंथींत, या जातीचे स्राव थोड्या प्रमाणांत तयार होतात. म्हणून त्यांचीहि यांतून सुटका नाहीं. बारा ते चोवीस वर्षांच्या वयांत शंभरांपैकीं सुमारें ८५ जणांना कमी-अधिक प्रमाणांत मुरुम येतात असें मानतात.

मग एकाच वर्गांतील एका मुलास दोन पुळ्या आणि दुसऱ्याचा सारा चेहरा भरलेला, असें कां? दोघांच्या रक्तांतील अंतःस्राव बहुधा सारखेच असतात. भेद असतो तो ग्रंथींच्या संवेदनशीलतेंत, आणि ती पुष्कळ अंशीं आनुवंशिक असते. ब्रिटनमधील जुळ्या बहिणींची पाहणी २००२ सालीं प्रसिद्ध झाली. तींत व्यक्तिव्यक्तींमधील फरकापैकीं सुमारें चार-पंचमांश भाग आनुवंशिकतेकडे जातो असें आढळलें. तेव्हां, "तूं तोंड धूत नाहींस" असें म्हणणाऱ्या वडिलांनीं आपला कॉलेजांतील जुना फोटो एकदां अवश्य काढून पाहावा.

वयाच्या या योगायोगांतूनच एक क्रूर समजूत जन्मास आली आहे. तारुण्य आलें कीं मनांत नवे विचार येतात आणि तोंडावर मुरुमहि येतात. म्हणून मुरुम हे मनांतील विचारांचें किंवा वाईट संवयीचें फळ, असें अनुमान लोक काढतात. एकाच दिवशीं दोन पाहुणे घरीं आले म्हणजे एकानें दुसऱ्यास आणलेंच असतें असें नाहीं. या समजुतीला शास्त्राचा कसलाहि आधार नाहीं. पण तिच्यामुळें कित्येक मुलें आपला चेहरा म्हणजे आपल्या गुन्ह्याची जाहिरात आहे असें समजून मान खालीं घालतात. लग्नाच्या उपायाचेंहि तसेंच. विशी उलटली कीं बहुतेकांचे मुरुम आपोआप कमी होतात, आणि लग्नेंहि त्याच सुमारास होतात. श्रेय मात्र लग्नास मिळतें. उलट कित्येक स्त्रियांस तिशी-चाळिशींतहि ते येत राहतात.

अस्वच्छतेच्या आरोपाचा निकाल वर लागलाच आहे. दिवसांतून दोन वेळां, सौम्य साबणानें, न घासतां तोंड धुणें पुरेसें आहे. सहा वेळां खसखसून धुतल्यानें त्वचा चिडते आणि दाह वाढतो. डोक्याला थापलेलें तेल कपाळावर ओघळत असेल, तर मात्र केसांच्या कडेनें बारीक पुळ्या येतात. तेवढी काळजी घ्यावी. रक्तशुद्धीच्या बाटल्या आणि रेचकें यांविषयीं इतकेंच म्हणतां येईल कीं, रक्त शुद्ध राखण्याचें काम यकृत आणि मूत्रपिंडें अहोरात्र करीतच असतात. आणि मुरुमाचा उगम रक्ताच्या घाणींत नसून रोमकूपाच्या तोंडाशीं आहे.

आहाराचा प्रश्न मात्र इतका सरळ नाहीं. १९६९ सालीं अमेरिकेंत ६५ जणांवर एक प्रयोग झाला. त्यांस कांहीं आठवडे चॉकोलेटची वडी आणि कांहीं आठवडे तशीच दिसणारी, पण चॉकोलेट नसलेली वडी देण्यांत आली. मुरुमांत फरक पडला नाहीं. आणि खाण्याचा या रोगाशीं संबंध नाहीं असें डॉक्टर पुढें कित्येक वर्षें सांगत राहिले. पण दुसऱ्या वडींतहि साखर आणि स्निग्धांश जवळजवळ तितकेच होते, हा त्या प्रयोगांतील दोष पुढें ध्यानांत आला. २००२ सालीं पापुआ न्यूगिनींतील किटावा बेटावरील पाहणी प्रसिद्ध झाली. कंदमुळें, फळें, मासे आणि नारळ यांवर राहणाऱ्या तेथील १२०० लोकांत मुरुम असलेला एकहि मनुष्य आढळला नाहीं. यांत आनुवंशिकतेचा भाग किती हें केवळ पाहणीवरून ठरत नाहीं. परंतु २००७ सालीं ऑस्ट्रेलियांत ४३ तरुणांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. त्यांत ज्यांच्या आहारांतून साखर आणि झटपट पचणारे पिष्ट पदार्थ कमी केले, त्यांचे मुरुम इतरांपेक्षां अधिक घटले. असे पदार्थ खाल्ल्यानें रक्तांत इन्शुलिन एकदम वाढतें आणि तें तैलग्रंथींना चेतवितें, अशी त्याची उपपत्ति आहे. दुधाचाहि थोडासा संबंध कांहीं पाहण्यांत दिसला आहे.

सारांश, खाल्लेलें तेल तोंडावाटे बाहेर येत नाहीं. आजीबाईंच्या भज्यांना दोष देण्यापेक्षां गोड सरबतें, बिस्किटें आणि मैद्याचे पदार्थ यांकडे पाहावें. तें सोडल्यानें थोडा लाभ होईल; पण जिभेच्या चोचल्यांचें प्रायश्चित्त म्हणून मुलास उपाशी ठेवल्यानें मुरुम बरे होणार नाहींत.

आतां उपायांकडे वळूं. प्रथम काय करूं नये तें सांगतों. मुरुम दाबून फोडूं नयेत. त्यानें पू आंतल्या आंत पसरतो आणि खड्डे पडतात. लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट यांनीं त्वचा पोळते. आणि आपल्या सांवळ्या वर्णावर प्रत्येक दाहाचा काळा डाग महिनोन् महिने रेंगाळतो. पण सर्वांत घातक म्हणजे औषधांच्या दुकानांतून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून आणलेलें, स्टेरॉइड मिसळलेलें मलम. पहिल्या आठवड्यांत चेहरा उजळतो आणि घर आनंदतें. पुढें त्वचा पातळ होते, उन्हांत जळजळते, लव वाढते, आणि मलम थांबवितांच मुरुम दुप्पट जोरानें उठतात. जें मलम आठ दिवसांत गोरेपणाहि देतें, त्याची नळी उलटून त्यावरील बारीक अक्षरें वाचावीं.

खरा उपाय सावकाश चालणारा आहे. रोमकूपाचें बूच सैल करणारीं रेटिनॉइड जातीचीं मलमें रात्रीं लावतात. जंतूंसाठीं बेंझॉइल पेरॉक्साइड आहे. परिणाम दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागतात, आणि पहिल्या पंधरवड्यांत त्वचा कोरडी पडून थोडी बिघडल्यासारखीहि वाटते. नेमकें तेव्हांच लोक औषध टाकून देतात! खोल, दुखऱ्या गांठी येत असतील, खड्डे पडूं लागले असतील, किंवा मुलीची पाळी अनियमित असून चेहऱ्यावर केस वाढत असतील, तर घरगुती प्रयोगांत एकहि महिना न दवडतां त्वग्रोगतज्ज्ञाकडे जावें. हट्टी रोगावर आयसोट्रेटिनॉइन नांवाच्या गोळ्या १९८२ पासून उपलब्ध आहेत. त्या गुणकारी आहेत. पण गर्भास त्यांपासून गंभीर अपाय होतो, म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीवांचून कधींहि घेऊं नयेत.

शेवटीं एक विनंति आईबापांस. "एवढ्याशा पुळ्या, त्यांचें काय कौतुक!" असें म्हणून हा विषय हंसण्यावारीं नेऊं नका, आणि पाहुण्यांदेखत त्याची चर्चाहि करूं नका. सोळाव्या वर्षीं माणसाला आपला चेहरा जगापुढें प्रथमच स्वतःचा म्हणून न्यावयाचा असतो. तो लपवावासा वाटूं लागला, मूल मित्रांकडे जाईनासें झालें, कीं दुखणें त्वचेपुरतें राहिलेलें नसतें. तेव्हां आज रात्रीं जेवणाच्या वेळीं ती न्यायसभा बरखास्त करावी आणि मुलास इतकेंच सांगावें : "यांत तुझा दोष नाहीं. यावर औषध आहे. उद्यां आपण डॉक्टरांकडे जाऊं." उपचाराचा अर्धा भाग या तीन वाक्यांत आहे.