अभ्यासावर मिळालेली मॅच

आमच्या विंगमध्ये रात्री अकरानंतर दोनच विषय निघतात. एक मेसची भाजी आणि दुसरा डिफॉल्टर लिस्ट. यंदा त्या लिस्टमध्ये माझ्या रूम पार्टनरचं नाव लागलं. पठ्ठ्या कबड्डी टीममध्ये रेडर आहे. स्पर्धा आणि कॅम्प धरून एकोणीस दिवस बाहेर होता. शिवाय आठ दिवस का बुडाले ते आमचं आम्हाला माहीत. ८४ पैकी ५७ दिवस भरले, म्हणजे ६८ टक्के. लागतात ७५. खेळाचे दिवस धरावेत म्हणून त्याने पत्र दिलं होतं, पण ते सध्या कुठल्या टेबलावर आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

त्या रात्री मला माझ्या मावसभावाने सांगितलेली गोष्ट आठवली. २०१५ साली दादा अमेरिकेत लिंकन गावी, नेब्रास्का विद्यापीठात एम.एस. करत होता. तिथे त्याने एक चमत्कार पाहिला. बारापैकी सात मॅच हरलेल्या टीमला, पोरं अभ्यासात बरी होती म्हणून सीझननंतरची मोठी मॅच मिळाली!

आधी एक खुलासा करतो. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता चेंडू, अंगावर चिलखत, दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर आणखी चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्याच्या हातात. अशी पहिली कॉलेज मॅच धरतात ती ६ नोव्हेंबर १८६९ ची, रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यातली. रटगर्सने ती ६-४ ने जिंकली. आज या खेळाचं तिथे काय प्रस्थ आहे हे सांगून खरं वाटणार नाही. लिंकनच्या स्टेडियममध्ये ऐंशी हजारांहून जास्त माणसं बसतात आणि १९६२ पासून घरच्या प्रत्येक मॅचची तिकिटं संपत आली आहेत. दादा म्हणायचा की मॅचच्या शनिवारी गावात पार्किंग शोधण्यापेक्षा थिसिस लिहिणं सोपं.

नेहमीचा सीझन बारा मॅचचा. त्यानंतर ज्या खास मॅच होतात त्यांना म्हणतात 'बोल'. यातली सगळ्यात जुनी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना गावची रोझ बोल. १९०२ साली तिथल्या गुलाबोत्सवाला गर्दी व्हावी म्हणून मॅच ठेवली. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं धुतलं, आणि स्टॅनफर्डने मॅच संपायच्या आधीच हात टेकले. पुढे १९१६ पर्यंत मॅचचं नावच काढलं नाही, त्याऐवजी चक्क रथांच्या शर्यती ठेवल्या! नंतर मात्र गावोगावी बोल निघाल्या. कुणाला पर्यटक हवे होते, कुणाला जाहिरात, टीव्हीला सुट्टीत दाखवायला काहीतरी हवं होतं. आपल्याकडे गल्लोगल्ली गणपती मंडळं निघाली तसंच म्हणा.

बोल मिळायला बारापैकी सहा मॅच जिंकाव्या लागतात. २०१५ मध्ये बोल झाल्या चाळीस, म्हणजे टीम हव्यात ऐंशी, आणि सहा विजय मिळवलेल्या निघाल्या सत्त्याहत्तर. उरलेल्या तीन जागा कुणाला द्यायच्या? पाच जिंकून सात हरलेल्यांपैकी ज्यांची अभ्यासाची प्रगती सर्वांत चांगली, त्यांना. नेब्रास्का, मिनेसोटा आणि सॅन होजे स्टेट अशा तीन टीमना संधी मिळाली. २६ डिसेंबरला नेब्रास्कासमोर यूसीएलए होती, आठ मॅच जिंकून आलेली. नेब्रास्काने तिला ३७-२९ ने हरवलं. मजा म्हणजे बाकीच्या दोन्ही टीमही आपापली मॅच जिंकल्या.

आता ही प्रगती मोजतात कशी? आपल्यासारख्या इंजिनियरिंगच्या पोरांना हे गणित आवडेल. स्कॉलरशिपवरच्या प्रत्येक खेळाडूला दर सेमिस्टरला दोन गुण. तो खेळायला पात्र राहील इतका अभ्यास केला तर एक, आणि कॉलेज न सोडता टिकला तर दुसरा. समजा टीममध्ये ८५ जण आहेत. दोन सेमिस्टरचे मिळून ३४० गुण झाले. त्यातले १७ गेले तर उरले ३२३. भागून हजाराने गुणायचं, आले ९५०. चार वर्षांची सरासरी ९३० च्या खाली गेली की मैदानावर कितीही जिंका, सीझननंतरच्या मॅच बंद. हा नियम दाखवण्यापुरता नाही. कनेटिकटची बास्केटबॉल टीम तीन वेळा राष्ट्रीय विजेती होती, तरी २०१३ मध्ये तिला घरी बसवलं.

मला स्वतःला यात आवडलं ते हे, की खेळाडू नापास झाला तर डाग एकट्या खेळाडूवर नाही, टीमवर लागतो. मग कोचलाच त्याच्या व्हायवाची काळजी लागते.

पण नियम आला की पळवाट आलीच. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९९३ ते २०११ या काळात असे वर्ग चालले ज्यात वर्गच भरत नसे. शेवटी एक पेपर टाकायचा आणि ग्रेड घ्यायची. २०१४ च्या चौकशी अहवालात अशा विद्यार्थ्यांची संख्या ३,१०० च्या वर निघाली, आणि त्यात खेळाडूंचा भरणा मोठा होता. २०१७ मध्ये खेळ संघटनेने हात वर केले. कारण काय, तर हे वर्ग खेळाडू नसलेल्यांनाही खुले होते! उलट टोकाचं उदाहरणही आहे. पेन स्टेटचा जॉन अर्शेल खेळता खेळता गणितात मास्टर्स झाला, बाल्टिमोरच्या व्यावसायिक टीमकडून खेळला, २०१७ मध्ये खेळ सोडला आणि २०२१ मध्ये एमआयटीतून गणितातली पीएच.डी. घेतली. असे विरळाच. पण त्याचं पोस्टर आमच्या कॉमन रूममध्ये लावायला हरकत नाही.

दादा २०१६ मध्ये पास होऊन निघाला. त्यानंतर जे झालं ते बघून तो म्हणतो, मी पाहिलेला खेळ हा नव्हेच. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसे घ्यायची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये कोर्टाने तडजोड मंजूर केली, आणि त्या जुलैपासून कॉलेजंच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळे खेळ मिळून साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरची मर्यादा होती. मला यात काही वावगं वाटत नाही. ऐंशी हजार तिकिटं ज्यांच्या जिवावर विकली जातात, त्यांनी फुकट का खेळावं?

खटकतं ते दुसरंच. टीव्हीच्या पैशासाठी भूगोल गुंडाळून ठेवला आहे. पश्चिम किनाऱ्यावरचा १९१५ पासूनचा जुना गट फुटला आणि २०२४ मध्ये स्टॅनफर्ड आणि बर्कली ही पॅसिफिक किनाऱ्याजवळची कॉलेजं 'अटलांटिक कोस्ट' गटात खेळू लागली! त्याच गटात बोस्टन कॉलेज आहे. म्हणजे एका मॅचसाठी मुंबईहून गुवाहाटीला जाऊन परत येण्याइतकं अंतर, आणि तेही एका बाजूचं. फुटबॉलवाल्यांचं ठीक आहे, त्यांची आठवड्याला एकच मॅच. पण व्हॉलीबॉलच्या मुलींनाही तोच गट. त्यांच्या वाट्याला तेवढा टीव्ही नाही, तेवढा पैसा नाही. विमानतळावर बसून जर्नल पूर्ण करणं मात्र आहे.

सीझनही लांबला आहे. विजेता ठरवायला २०१४ पासून चार टीमची बाद फेरी होती, ती २०२४ मध्ये बारा टीमची झाली. पहिली फेरी २० आणि २१ डिसेंबरला, सेमिस्टर परीक्षांना खेटून. फायनल २० जानेवारी २०२५ ला, तोवर नवं सेमिस्टर सुरू झालेलं. ओहायो स्टेटने नोटर डेमला ३४-२३ ने हरवलं. दोन्ही टीमची ती सोळावी मॅच होती. त्यातच कॉलेज बदलायची मुदतही डिसेंबरातच. पेन स्टेटचा राखीव क्वार्टरबॅक बाद फेरीच्या तोंडावर निघून गेला, कारण थांबला असता तर दुसरीकडची जागा गेली असती. २०२६ मध्ये ती मुदत जानेवारीत नेली, म्हणजे कुणाला तरी कळलं म्हणायचं.

आणि बिचाऱ्या बोल? डिसेंबर २०२५ मध्ये नोटर डेम दहा मॅच जिंकूनही बारात आली नाही, तेव्हा तिने बोल खेळायलाच नकार दिला. २०१५ मध्ये लिंकनची पोरं ज्या मॅचसाठी नाचली, तशी मॅच आता नको झाली.

मी दादाला विचारलं, तुमच्याकडे बुडालेल्या दिवसांचं काय करायचे? तो लॅब घ्यायचा, त्यामुळे त्याला माहीत होतं. म्हणाला, "अरे, सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यातच खेळाडू प्रवासाच्या तारखांचं पत्र आणून द्यायचा. प्रॅक्टिकल कधी भरून काढायचं ते तेव्हाच ठरायचं. नंतर शोधाशोध नाही."

मग मी एक उद्योग केला. आमच्या कबड्डी टीमला तोच फॉर्म्युला लावला. बारा जण, दोन सेमिस्टर, एकूण ४८ गुण. दोघांनी कॉलेज सोडलं आणि एकजण इयर डाऊन झाला, म्हणजे तीन गुण गेले. पार्टनर डिटेन झाला तर चौथा. ४४ भागिले ४८, आले ९१७. टीम बाद! पण पत्र सापडलं, एकोणीस दिवस धरले गेले, तर ४५ भागिले ४८. आले ९३८.

हा हिशोब मी सुबक अक्षरात कागदावर उतरवला आहे. शुक्रवारी आम्ही दोघं ऑफिसात जाणार आहोत. पार्टनर सध्या माझं जर्नल उतरवून काढतोय.