मूठ वरून की खालून?

हार्बर लाइनच्या गर्दीत उभे असाल तर आजचा भाग हेडफोन लावूनच ऐका.

एका श्रोत्याचा मेसेज आहे. वय चोवीस, डिसेंबरात लग्न. तो रोज जेल्किंग करतो. म्हणजे अंगठा आणि तर्जनीचं कडं करून अर्धवट ताठ लिंग मुळापासून टोकाकडे पिळत न्यायचं. वरून पकडलं की टोक बधिर होतं, मग खालून पकडू का, असं तो विचारतोय.

बधिर का होतं ते आधी बघू. लिंगाच्या वरच्या बाजूला, त्वचेच्या अगदी जवळून, एक मोठी शीर जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना धमन्या आणि मज्जातंतू असतात. टोकाची संवेदना याच तंतूंतून येते. अंगठा नेमका त्यांच्यावर बसतो. हात उलटा केला की दाब खाली जातो, पण खाली मूत्रमार्ग आहे! त्यामुळे बिनधोक दाबावी अशी बाजू उरतच नाही.

आता मूळ मुद्दा. डंबेल्स मारून दंड वाढतो, कारण तो स्नायू हाडांना जोडलेला, आपल्या ताब्यातला असतो. लिंगात तसला स्नायू नाही. आत रक्त भरणाऱ्या स्पंजासारख्या दोन नळ्या आणि त्यांच्यावर एक चिवट आवरण. हे आवरण एरवी साधारण २ मिमी जाड असतं, ताठरतेत ताणून अर्ध्या मिमीपेक्षाही पातळ होतं. त्यावर जोर दिला तर बारीक इजा होतात, त्या भरताना व्रण धरतात, आणि व्रण ताणत नाही. मग लिंग वाकडं होऊ शकतं. त्याला पेरोनीज आजार म्हणतात. जेल्किंगने लांबी वाढते याला भरवशाचा पुरावा नाही. ताण देणाऱ्या उपकरणांवर थोडे अभ्यास झालेत, पण तिथेही महिनोन्‌महिने, रोज कित्येक तास लावून फरक एक-दोन सेंटिमीटरचा.

बरं, कमी आहे हे ठरवलं कुणी? २०१५ साली 'बीजेयू इंटरनॅशनल'मध्ये १५,५२१ पुरुषांची मोजमापं एकत्र केली होती, सगळी तज्ज्ञांनी घेतलेली. ताठ लांबीची सरासरी १३.१२ सेमी. वरून खाली बघताना स्वतःचं नेहमी आखूडच दिसतं, आणि पोट सुटलं असेल तर बुडाचा भाग चरबीत लपतो. लोकलच्या डब्यात 'गुप्त समस्या'वाली स्टिकर्स चिकटवणाऱ्यांचा धंदा याच भीतीवर चालतो. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात १९५४च्या कायद्याने बंद आहे, तरी स्टिकर्स आहेतच. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढून वाचकांच्या अशा शंकांना उघड उत्तरं द्यायला सुरुवात केली. कर्वे गणिताचे प्राध्यापक, म्हणून मला जरा जवळचे वाटतात.

तर मित्रा, व्यायाम आजपासून थांबव. बधिरपणा गेला नाही, गाठ लागली किंवा वाक दिसला तर लग्नाआधीच युरॉलॉजिस्टला भेट. दवाखान्यात ताठरता येणार नाही, म्हणून वाक असेल तर घरीच फोटो काढून ने. डॉक्टरांना तो लागतो. आणि कधी ताठ असताना 'कट्' असा आवाज येऊन ताठरता एकदम गेली, सूज आली, तर सकाळची वाट न बघता थेट इमर्जन्सीला जायचं.